करंजी जमते ना? मग खजुराची भरलेली बिस्किटं जमतील

भाऊबीजेला आमच्याकडे २८ माणसं जमतात. चार वर्षांपूर्वी मी हौसेने गुलकंद भरलेली बिस्किटं करायला घेतली. पहिल्या ट्रेमधली बाराच्या बारा फुटली, पाक ट्रेवर पसरून करपला आणि तो खरवडण्यातच संध्याकाळ गेली. मोठ्या वन्सं शांतपणे म्हणाल्या, "अगं, करंजीत कधी गुलकंद भरला असतास का?" नसता भरला. करंजीचं सारण कोरडं हवं, हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. पण समोर ओव्हन आला की आपण ते विसरतो आणि सगळी काळजी पिठाची करत बसतो. भरलेलं बिस्किट बिघडतं ते बहुतेक वेळा सारणातल्या पाण्यामुळे. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आम्ही सहा वर्षं मस्कतला होतो. समोरच्या फ्लॅटमधली सीरियन बाई ईदच्या आधी मामूल करायची. रव्या-तुपाची पारी, आत खजूर, लाकडी साच्यात दाबून ओव्हनमध्ये भाजलेलं. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईनमध्ये मुसलमान घरांत ईदला आणि ख्रिस्ती घरांत ईस्टरला हे होतंच. मला तर मामूल आपल्या करंजीची आतेबहीणच वाटली. इराकमध्ये क्लेचा करतात. त्याचा सगळ्यांत ओळखीचा प्रकार म्हणजे लाटलेल्या पोळीवर खजूर पसरून बाकरवडीसारखी गुंडाळी करायची, कापायची आणि भाजायची. खाली दोन्ही पद्धती दिल्या आहेत. कृती त्या सीरियन शेजारणीकडून शिकले, पण प्रमाण आपल्याकडच्या मैद्याला आणि तुपाला जुळेल असं करत करत बसवलेलं आहे. यात अंडं नाही, त्यामुळे घरात सगळ्यांना चालतं.

१. आधी दिवस मोजा

खजुराची बिस्किटं भाजल्या दिवशी जरा कोरडी लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खजुराचा ओलावा पारीत थोडा उतरतो आणि ती खुसखुशीत-मऊ होतात. म्हणून कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी भाजा. सारण चार-पाच दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. सकाळी बिस्किटं आणि दुपारी पाहुणे असा बेत पहिल्यांदा करणाऱ्याने करू नये.

माणशी दोन धरा. फराळाच्या ताटात ठेवणार असाल तर दीड पुरतं, कारण चकली आणि चिवडा असताना बिस्किटाकडे हात उशिरा जातो. खालचं प्रमाण ३० बिस्किटांचं आहे. २८ लिटरच्या घरगुती ओटीजीत (ओट्यावर ठेवायचा विजेचा लहान ओव्हन) एका वेळी साधारण १२ मावतात. म्हणजे तीन घाणे, दर घाण्याला २० मिनिटं. तेवढा वेळ ओव्हनपाशी थांबायची तयारी ठेवा.

२. सामान मांडून घ्या

पारीसाठी:
- मैदा २५० ग्रॅम
- बारीक रवा १०० ग्रॅम (जाड रवा घेतला तर दाताखाली कचकच लागते)
- साजूक तूप १५० ग्रॅम, थिजलेलं
- पिठीसाखर ६० ग्रॅम
- बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, सपाट
- मीठ चिमूटभर
- दूध ६० ते ७५ मिली, त्यात एक मोठा चमचा गुलाबजल

सारणासाठी:
- बिया काढलेला खजूर ३२५ ग्रॅम
- तूप एक मोठा चमचा
- भाजलेले तीळ दोन मोठे चमचे
- वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, आवडत असेल तर जायफळ

तिकडे पारीत महलब घालतात. ती एका रानटी चेरीच्या बियांच्या गराची पूड असते आणि तिला कडवट-बदामी वास येतो. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, आणि वेलची-जायफळ असताना मला तिची आठवणही येत नाही.

साधनांत वजनकाटा हवाच. "एक वाटी मैदा" म्हणजे कुणाकडे ११० ग्रॅम तर कुणाकडे १५०. चकलीत हा फरक खपतो, इथे खपत नाही. शिवाय चाळणी, लाटणं, दूध पिशवीसारख्या जाड प्लॅस्टिकचे दोन कागद, बिस्किटं गार करायला जाळी आणि माव्याच्या मोदकाचा लहान साचा घ्या. मामूलचा लाकडी साचा शोधत फिरू नका, मोदकाचा साचा हे काम झकास करतो. बाकीचं बेकिंगचं सामान पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात एका फेरीत मिळून जातं.

एक फसगत इथेच सांगते. किराणा दुकानात "बटर पेपर" म्हणून जे मिळतं ते सगळंच ओव्हनसाठी नसतं. काही कागद नुसते मेणाचे असतात, पोळीभाजी गुंडाळायचे. ते ओव्हनमध्ये धुरकटतात आणि बिस्किटाच्या बुडाला चिकटून बसतात. पाकिटावर किती तापमानापर्यंत चालतो ते लिहिलेलं असेल तोच कागद घ्या. नसेल मिळत तर ट्रेला तुपाचा हात लावून वर मैदा भुरभुरवा.

३. सारण: इथे घाई नको

खजूर तीन तऱ्हेचा मिळतो. डब्यात येणारा काळा, लुसलुशीत, किमिया म्हणून विकतात तो इराणी खजूर खायला सुरेख, पण ओला असतो. पाकिटातला दाबलेला बिनबियांचा खजूर मध्यम ओलाव्याचा असतो आणि या कामाला तो सगळ्यात सोयीचा. तिसरा म्हणजे सुटा, कडकसर. खारीक मात्र वेगळी, ती इथे घेऊ नका.

"सीडलेस" लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून बघा. पाकिटामागे एखादी बी हमखास निघते, आणि ती नेमकी आजोबांच्या कवळीखाली येते. आतून काळी भुकटी किंवा जाळी दिसली तर तो खजूर फेकून द्या.

खजूर कडक असेल तर लोक पाण्यात भिजवतात. भिजवू नका. मोदकपात्रात ८-१० मिनिटं वाफवा, म्हणजे पाणी आत न शिरता तो मऊ होतो. मग बारीक चिरा, जाड बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर तुपावर मंद आचेवर घाला आणि पावभाजीच्या मॅशरने दाबत परता. पाकिटातल्या खजुराला ५-६ मिनिटं पुरतात, किमियाला १० ते १२. गोळा पॅनची कड सोडायला लागला की गॅस बंद करा. तीळ आणि वेलची त्यानंतर.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? थोडं गार झाल्यावर सुपारीएवढी गोळी वळून साध्या कागदावर १० मिनिटं ठेवा. तुपाचा पुसट डाग चालेल. कागद ओला होऊन सुरकुतला तर सारण परत पॅनमध्ये. पुरणाला उलथणं उभं राहतं का ते बघतो ना, तशीच ही परीक्षा.

आता हाताला तूप लावून ११-१२ ग्रॅमच्या ३० गोळ्या वळा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. गार, घट्ट गोळी पारीत भरायला फार सोपी जाते. कोमट सारण पारीतलं तूप वितळवतं, आणि मग जोड काही केल्या मिटत नाही.

४. पारीचं पीठ

मैदा, रवा, पिठीसाखर, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळा. त्यात थिजलेलं तूप घालून बोटांच्या टोकांनी चोळा. मूठभर पीठ दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि टिचकी मारल्यावर तो फुटला पाहिजे. शंकरपाळ्याचं मोहन आपण असंच बघतो.

हे चोळलेलं पीठ तासभर झाकून बाहेरच ठेवा. सीरियात बऱ्याच घरांत रात्रभर ठेवतात, कारण रव्याच्या कणांत तूप मुरायला वेळ लागतो. मे महिन्यात तूप पातळ होत असेल तर चोळण्याआधी ते १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून घ्या.

मग दूध चमच्या-चमच्याने घाला. पीठ गोळा होण्यापुरतंच ओलं करायचं, मळायचं नाही. मैदा जितका मळाल तितका तो चिवट होतो. पुरणपोळीला तोच चिवटपणा आपण मुद्दाम आणतो, इथे तो आला की बिस्किट दगड होतं. माझी सुरुवातीची बिस्किटं वरण-भाताबरोबरही चावली नसती, कारण मी सवयीने कणकेसारखं दहा मिनिटं पीठ मळलं होतं. गोळा झाला की थांबा आणि २० मिनिटं झाकून ठेवा. कडा फाटत असतील तर अजून एक चमचा दूध. हाताला चिकटत असेल तर पिठाचा हात न लावता १० मिनिटं थांबा, रवा तेवढ्यात ओल शोषून घेतो.

तुपाऐवजी बटर वापरायचं असेल तर १८५ ग्रॅम घ्या आणि दूध निम्म्यावर आणा. बाजारच्या बटरमध्ये शेकडा १६ च्या आसपास पाणी असतं, ते पिठात जातंच. खारं बटर असेल तर मीठ वगळा. वनस्पती तूप वापरून बिस्किट भुसभुशीत होतं हे खरं, पण टाळूला जो लेप बसतो तो मला सोसत नाही.

५. भरणं: साच्याने किंवा बाकरवडीसारखं

साच्याची पद्धत. २० ग्रॅमचा गोळा घ्या आणि अंगठ्याने वाटी करा, उकडीच्या मोदकाला करतो तशी, पण थोडी जाड. खजुराची गोळी आत ठेवा आणि कडा वर ओढून मिटवा. आत हवा राहिली तर भाजताना ती फुगून पारी फाडते. म्हणून मिटवल्यावर तळहातात हलकेच दाबत एकदा गोल फिरवा. मग साच्याला आतून किंचित तूप लावून मैदा झटका, गोळा दाबा आणि साचा उघडा. जोड बिस्किटाच्या बुडाकडे आला पाहिजे. साचा लहान-मोठा असेल तर पहिला गोळा करून बघा आणि वजन त्याप्रमाणे बदला, पण पारी आणि सारण यांचं साधारण पाच-तीन हे नातं राखा. साचा नसेल तर गोळा थोडा चपटा करून कातणाने किंवा काट्याने वर रेघा ओढा. रेघ खोल गेली की सारण बाहेर डोकावतं आणि तिथेच करपतं.

बाकरवडीची पद्धत माणसं जास्त असतील तेव्हाची. पिठाचे तीन भाग करा. एक भाग दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये साधारण २५ सेंटीमीटर लांब, १८ रुंद लाटा. गोळ्या न वळता ठेवलेलं एक तृतीयांश सारण तसंच दोन कागदांमध्ये लाटून त्यावर उलटं करा. लांब बाजूची एक कड सेंटीमीटरभर मोकळी सोडा. खालच्या कागदाच्या आधाराने घट्ट गुंडाळी करा, २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि धारदार सुरीने दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे पाडा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. जोड खाली ठेवून ट्रेवर मांडा. साच्याने ३० व्हायला मला दीड तास लागतो, हे ४० मिनिटांत होतं आणि तुकडेही ३६ पडतात. दिसायला मोदक उजवा, वेळेला बाकरवडी. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन्ही निम्मी-निम्मी करून बघावीत.

६. भाजणं

ओटीजी साधारण १,५०० वॅटच्या पुढचा असतो. तो फ्रिज आणि मिक्सरबरोबर एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. सरळ भिंतीवरच्या मोठ्या पॉइंटला लावा.

वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून १७५ अंशांवर १५ मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं समजून घाई करू नका. आणि कळ १७५ वर आहे म्हणून आतही १७५ आहेत, असं नसतं. माझा १५-२० अंशांनी जास्त तापतो, हे मला आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणल्यावर कळलं. त्याआधी वर्षभर मी स्वतःच्या हाताला दोष देत होते.

सगळी ट्रे भरण्याआधी दोनच बिस्किटं भाजून बघा. सगळं शिक्षण या दोन बिस्किटांत होतं. पसरून चपटी झाली तर तूप वितळलेलं होतं, ट्रे १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा. वरून भेगा पडल्या तर पीठ कोरडं आहे किंवा बेकिंग पावडर सढळ पडली आहे. जोडातून सारण आलं तर तिसऱ्या पायरीवर परत जा.

मधल्या कप्प्यात १८ ते २० मिनिटं. बूड सोनेरी झालं पाहिजे, वरचा भाग पांढुरकाच राहू द्या. वर बदामी रंग यायची वाट पाहाल तर आतला खजूर टॉफीसारखा कडक होईल. बाहेर काढल्यावर बिस्किटं मऊ लागतात आणि नवखा माणूस "कच्ची राहिली" म्हणून परत आत टाकतो. टाकू नका, ती गार होताना कडक होतात. ट्रेवरच १० मिनिटं राहू द्या, मग जाळीवर.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर भाजा आणि तापमान १६५ ठेवा. धातूची ट्रे घालून चुकून मायक्रोवेव्ह चालू केलात तर ठिणग्या उडतात. ओव्हनच नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात मीठ पसरून, वर स्टँड आणि ताटली ठेवून मंद आचेवर २५ मिनिटांत होतात. पण बूड पटकन करपतं आणि एका वेळी सहाच मावतात. दोन-चार माणसांपुरतं ठीक.

१०० च्या पुढे करायची असतील तर जवळच्या बेकरीत विचारून बघा. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत रवा, मैदा, साखर आणि डालडा घेऊन आम्ही भट्टीवर जायचो, रांगेत बसायचो आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई डोक्यावर घेऊन यायचो. आजही बऱ्याच गावांत भट्टीवाले असं भाजून देतात. दुपारच्या निवत्या भट्टीत भाजायला सांगा, पावाच्या आचेवर ही बिस्किटं टिकत नाहीत.

७. डब्यात भरणं

पूर्ण गार व्हायला तास लागतो. कोमट असताना झाकण लावलंत तर आत वाफ धरते आणि दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. थरांमध्ये कागद घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दिवाळीच्या हवेत १० दिवस सहज राहतात, पावसाळ्यात पाच-सहा दिवसांचाच हिशेब धरा. चकलीच्या डब्यात ठेवू नका. चकली मऊ पडते आणि बिस्किटाला ओव्याचा वास लागतो, दोघांचंही नुकसान.

भरून, न भाजता फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतात. तशीच थेट ओव्हनमध्ये घाला आणि तीन-चार मिनिटं जास्त भाजा. गणपतीत अचानक येणाऱ्यांसाठी माझ्याकडे डझनभर नेहमी असतात.

८. खजुराऐवजी काय

अक्रोड किंवा पिस्ते जाडसर कुटून, निम्मी पिठीसाखर आणि थोडं तूप घालून. हे सारण मुळातच कोरडं, त्यामुळे बिनधोक.

सुकं खोबरं खमंग भाजून, खसखस आणि पिठीसाखरेबरोबर. म्हणजे करंजीचंच सारण, उत्तम जमतं. ओला नारळ मात्र नको. गुळात कितीही परतला तरी दोन दिवसांत वास येतो.

आंब्याची साठं. कोकणातून आलेली असतील तर लहान तुकडा घडी करून भरा. भाजल्यावर चिवट-आंबट लागतात, मुलं यासाठी भांडतात.

गुलकंदाची माझी हौस अजून गेलेली नाही. चाळणीत तासभर पाक निथळू दिला आणि उरलेल्या पाकळ्यांत तेवढीच बदामपूड घातली की तो निमूट आत बसतो.

जॅम आत भरून भाजू नका, तो उकळून बाहेर येतोच. त्याच पिठाच्या पातळ चकत्या भाजा, निम्म्यांना भाजण्याआधीच मधे भोक पाडा, आणि पाहुणे यायच्या तासभर आधी जॅम लावून जोड्या लावा. रात्रीच लावून ठेवलीत तर सकाळी मऊ पडलेली असतात.

९. ताटात मांडताना

मामूल करणाऱ्या बायका प्रत्येक सारणाला वेगळा आकार देतात. खजुराचं चपटं गोल, सुक्या मेव्याचं लांबट किंवा उंच. सुक्या मेव्याच्यावर पिठीसाखर भुरभुरतात, खजुराच्यावर सहसा नाही. ही सोय आपणही उचलावी. आमच्याकडे भाचीला अक्रोड चालत नाही, म्हणून अक्रोडाची फक्त मोदकाच्या साच्यात आणि बाकी सगळी बाकरवडीसारखी, असं ठरलेलं आहे. ताटंही वेगळी ठेवते, आणि तिची आधी करून घेते, अक्रोड कुटायच्या आधी. अगदी लहान मुलांना अक्रोडाचे मोठे तुकडे असलेली देऊ नका.

आणि मधुमेह असलेले काका "खजूरच आहे ना, साखर कुठाय?" म्हणत तिसरं उचलतात, तेव्हा त्यांना सांगा. खजुरात साखरच असते, पारीतही ६० ग्रॅम गेलेली आहे. सांगूनही ते उचलतातच, म्हणून मी त्यांच्यासमोर ताट ठेवतानाच अर्धी कापून ठेवते.